जुन्या गाडीसाठी आजचा स्पार्क प्लग: गाडीचं नाव नको, मापं सांगा

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी पहिल्यांदा प्लग मागायला गेले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कुठल्या गाडीचा?" मी म्हणाले, "मॉरिस मायनर." त्यांनी पुढे विचारलं, "ताई, कुठली मायनर? साइड व्हॉल्व्ह की ओव्हरहेड?" उत्तर मला ठाऊक नव्हतं. बाबांची गाडी होती आणि मी तिला लहानपणापासून फक्त 'मॉरिस' म्हणत आले होते. काका म्हणाले, "जुना प्लग घेऊन या, नाहीतर मापं घेऊन या. नावावर प्लग देत नाही मी."

त्यांचा तो हट्ट किती रास्त होता ते नंतर कळलं. १९४८ ला आलेल्या मायनरचं इंजिन ९१८ सीसीचं, साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं. तिच्या प्लगच्या आट्यांची लांबी अर्धा इंच. पुढे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेलं, ए-सिरीज इंजिन आलं आणि १९५६ च्या मायनर १००० मध्ये तेच ९४८ सीसीचं झालं. त्याचे आटे पाऊण इंच. बाहेरून दोघी बहिणी वाटतात, पण एकीचा प्लग दुसरीला बसवला तर इंजिन तरी रुसतं नाहीतर मोडतं. अँबेसेडर, फियाट, जीप, स्टँडर्ड, दुसऱ्या महायुद्धाआधीची एखादी अमेरिकन गाडी, सगळ्यांना हाच नियम. शिवाय पन्नास-साठ वर्षांत किती हातांनी ते हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं, कुणी इंजिन बदललं, कुणी आटे नव्याने पाडले, हे गाडीच्या नावावरून कधीच समजत नाही. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी व्हर्निअर हातात घ्यायचा.

जुने प्लग काढताना

इंजिन पूर्ण थंड असू दे. वायरींवर आधी चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ लिहा. फायरिंग ऑर्डर पाठ आहे असं वाटतं आणि नेमकी ऐन वेळी आठवत नाही. प्लगभोवतीच्या खळग्यात वर्षानुवर्षांची माती बसलेली असते. प्लग अर्धा आटा सैल करा, मग हवा मारून किंवा ब्रशने ती माती काढा आणि त्यानंतर पूर्ण उघडा. उलट क्रमाने केलंत तर ती माती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग घट्ट बसला असेल तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल आट्यांच्या बुडाशी सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी थोडं सैल, थोडं घट्ट, असं करत काढा.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा, वॉशरसकट. चारांपैकी एखादा वेगळा निघाला तर दचकू नका. जुन्या गाडीत असं बऱ्याचदा दिसतं.

चार मापं

पहिलं माप आट्यांचा बाहेरचा व्यास. बहुतेक गाड्यांत ते १४ मिमी असतं. व्हर्निअरवर १३.८ च्या आसपास दिसेल, ते १४ च समजायचं. युद्धाआधीच्या आणि त्या सुमाराच्या बऱ्याच इंजिनांत १८ मिमी मिळतं. फोर्ड मॉडेल ए ला ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिमी. मॉडेल टी चा प्रकार अजून निराळा आहे. तिथे अर्ध्या इंचाच्या पाइपाचे निमुळते आटे असतात, बाहेरून साधारण २१ मिमी भरतात. हे दोन व्यास इतके जवळ आहेत की घाईत गोंधळ होतो. वर आणि खाली, दोन ठिकाणी मोजा. खाली कमी भरलं तर आटे निमुळते आहेत.

दुसरं माप आट्यांची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. १४ मिमी प्लगची पिच १.२५ मिमी, म्हणजे १० मिमीत आठ आटे. १८ मिमीची पिच १.५. पिच गेज नसेल तर माहितीतला एक १४ मिमीचा प्लग घ्या, दोन्हींचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली नाही तर पिच एकच.

तिसरं माप आट्यांची लांबी, ज्याला कॅटलॉगमध्ये रीच म्हणतात. घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. वॉशर बाजूला सरकवा आणि प्लग हेडवर जिथे टेकतो त्या सपाट कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजा. वॉशरची जाडी आणि पुढे आलेला इलेक्ट्रोड (ठिणगी पाडणारं टोक) धरायचा नाही. ९.५, ११.२, १२.७ किंवा १९ मिमी यांतलं काहीतरी निघेल, म्हणजे अनुक्रमे तीन अष्टमांश, सात षोडशांश, अर्धा आणि पाऊण इंच.

पण फक्त प्लग मोजून थांबू नका, हेडमधलं भोकही मोजा. जाडशा तारेच्या टोकाला अगदी छोटा आकडा करा, भोकात सोडा, शेवटच्या आट्याखाली तो अडकवा आणि वरच्या कडेशी तारेवर खूण करा. बाबांच्या गाडीत मी हे केलं म्हणून वाचले. काढलेले प्लग १२.७ चे होते आणि भोक भरलं १९. कुणीतरी कधीतरी आखूड प्लग लावून गाडी कित्येक वर्षं चालवली होती. ठिणगी सिलिंडरच्या आत न पडता भोकातल्या कोनाड्यात पडत होती. बाबा म्हणायचे, "मॉरिस आता म्हातारी झाली, चढ घेत नाही." म्हातारी कसली! तिला योग्य लांबीचा प्लग मिळाला नव्हता.

मग मी उत्साहात नवे लांब प्लग आणले. पहिलाच अर्ध्यावर अडकला. खालच्या रिकाम्या आट्यांत काजळी भरून दगडासारखी कडक झाली होती. पान्याला जोर दिला असता तर आटेच उखडले असते. भवानी पेठेतल्या एका टर्नरकडून १४ x १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणला, त्याच्या खाचांत ग्रीस भरलं आणि हाताने अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवला. काळा, करकरीत चुरा ग्रीसला चिकटून बाहेर आला. दर वेळी टॅप बाहेर काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. चार भोकांना अख्खी दुपार गेली. शेवटी प्लग न बसवताच स्टार्टर दोनदा फिरवला, आत काही राहिलं असेल तर उडून जावं म्हणून. त्यानंतर नवे प्लग नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेले.

उलटी चूक याहून वाईट. जिथे १२.७ हवा तिथे १९ बसवला तर प्लगचं टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतं. लागलं नाही तरी आत उघडे पडलेले आटे लालबुंद तापतात आणि त्यांच्यावर काजळीही बसते. मग तो प्लग बाहेर काढताना भोकाचे आटे ओरबाडून घेतो.

चौथी गोष्ट म्हणजे प्लग टेकतो कसा. सपाट कड आणि वॉशर, की वॉशरशिवाय निमुळती कड? जुन्या इंजिनांत बहुतेक वॉशरवाला असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पाना बसतो तो षटकोन किती मिमीचा आहे तेही लिहून ठेवा. जुन्या १४ मिमी प्लगचा षटकोन सहसा २०.८ मिमीचा असतो, त्याला २१ चा सॉकेट लागतो. नव्या गाड्यांच्या किटमधला १६ चा प्लग पाना इथे उपयोगी नाही.

नंबर वाचायला शिका

प्लगवरची अक्षरं म्हणजे त्याची कुंडलीच असते. आज सहज मिळणाऱ्या एनजीकेपासून सुरुवात करू. बीपी६ईएस घ्या. बी म्हणजे १४ मिमी. पी म्हणजे मधली चिनी मातीची नळी, प्लगचं नाक, पुढे आलेली. ६ म्हणजे उष्णतेचा क्रमांक. ई म्हणजे १९ मिमी लांबी. एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा. ई च्या जागी एच असेल तर १२.७. मध्ये आर आला तर आत रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) आहे. शेवटी ११ असेल तर दोन इलेक्ट्रोडमधली गॅप १.१ मिमी ठेवलेली आहे.

चॅम्पियनमध्ये पहिलंच अक्षर लांबी सांगतं. १४ मिमीतच जे म्हणजे ९.५, एल म्हणजे १२.७, एन म्हणजे १९. डी असेल तर १८ मिमी व्यास. वाय म्हणजे पुढे आलेलं नाक, शेवटचा सी म्हणजे तांब्याचा गाभा, पुढे लागलेला आर म्हणजे रेझिस्टर.

बॉशच्या नव्या पद्धतीत डब्ल्यू म्हणजे १४ मिमी, एम म्हणजे १८. आकड्यानंतरचा ए म्हणजे १२.७, बी म्हणजे १२.७ आणि नाक पुढे, सी म्हणजे १९, डी म्हणजे १९ आणि नाक पुढे. आपल्याकडच्या जुन्या डब्यांत मात्र मायकोचे प्लग निघतात. मायको म्हणजे १९५१ ची बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड. तिच्या जुन्या प्लगवर १४५, १७५, २२५ असे मोठे आकडे असतात. बॉशच्या जुन्या पद्धतीतला डब्ल्यू१७५टी१ म्हणजे आजचा डब्ल्यू७ए, आणि डब्ल्यू२२५टी१ म्हणजे डब्ल्यू५ए.

आता उष्णतेच्या क्रमांकाचा सापळा पाहा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड. डेन्सोतही तसंच. चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. बॉशच्या नव्या पद्धतीतही आकडा वाढला की गरम, पण त्याच कंपनीच्या जुन्या पद्धतीत आकडा वाढला की थंड! म्हणून "जुना सात होता, नवा सातच द्या" असं दुकानात कधी म्हणू नका. चॅम्पियन एल१० च्या जागी कुणी एल८६ दिला तर आकडा पाहून घाबरूही नका. ७६ ते ९९ ही तिथली वेगळीच मालिका आहे, दहाशी तिची सरळ तुलना होत नाही.

थंड आणि गरम म्हणजे ठिणगी कमी-जास्त नव्हे. प्लगच्या नाकावरची उष्णता हेडकडे किती लवकर पोचते, एवढाच त्याचा अर्थ. नाक ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी स्वतःच जळून जाते. ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटायला लागतं. या दोहोंच्या मध्ये प्लग राहिला पाहिजे.

माझ्या मायनर १००० ला मूळ प्लग चॅम्पियन एन५. त्याच्या जागी पुढे एन९वाय वापरात आला. आजच्या भाषेत तो एन९वायसी, एनजीके बीपी६ईएस, बॉश डब्ल्यू७डीसी किंवा डेन्सो डब्ल्यू२०ईपी. अँबेसेडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनालाही याच घराण्यातला १९ मिमीचा प्लग लागतो. साइड व्हॉल्व्ह मायनरला १२.७ चा हवा, म्हणजे एनजीके बी६एचएस, चॅम्पियन एल८६सी, बॉश डब्ल्यू७एसी यांच्या रांगेतला. वेस्पाच्या वळणाच्या जुन्या स्कूटरींना हाच आकार लागतो, त्यामुळे तो दुचाकीच्या दुकानातही मिळतो. विलीज जीपच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाला ९.५ मिमीचा चॅम्पियन जे८, आज जे८सी किंवा एनजीके बी६एस. तरीही घेण्याआधी तुमच्या हेडचं भोक मोजाच.

गाडी फक्त लक्ष्मी रोड, टिळक रोड अशा गर्दीत रांगत असेल किंवा इंजिन थोडं ऑइल खात असेल, तर एक पायरी गरम प्लग घ्या, बीपी६ईएस च्या जागी बीपी५ईएस. एकच पायरी. दोन पायऱ्या उतरावं लागत असेल तर दुखणं प्लगमध्ये नाही, पिस्टन रिंगमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये आहे.

पुढे आलेलं नाक, रेझिस्टर, इरिडियम

पुढे आलेलं नाक ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात सहसा चांगलं काम करतं, हळू चालताना काजळी कमी धरते. साइड व्हॉल्व्हमध्ये मात्र प्लगच्या खाली व्हॉल्व्ह वर येत असतात. तिथे बिननाकाचाच घ्या. कुठलाही नवा नमुना पहिल्यांदा बसवलात की इग्निशन बंद ठेवून हँडलने इंजिन पूर्ण दोन फेऱ्या हळू फिरवा. काही टेकतंय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा.

रेझिस्टर प्लगमध्ये साधारण ५ किलोओम असतात. जुन्या पद्धतीचे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर आणि तांब्याच्या वायरी असतील तर बिनरेझिस्टरचा प्लग उत्तम. मिळालाच नाही तर रेझिस्टरवालाही चालतो, फक्त वायरी आणि कॅपही रेझिस्टरच्या नकोत. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं असेल तर ते किट जे मागतं तेच द्या.

इरिडियमबद्दल मला वारंवार विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: पॉइंटच्या गाडीला साधा प्लग घाला. इरिडियमचं मोठं देणं म्हणजे दीर्घ आयुष्य, आणि आपल्या गाड्या वर्षाला चालतात किती? त्या बारीक टोकाची गॅप बदलायला गेलं की टोक मोडण्याची भीती वेगळीच.

वायरीचं टोक कसं आहे तेही पाहून जा. जुन्या कॅपला प्लगवर नुसता आट्यांचा खिळा लागतो, नव्याला वर घट्ट बोंडी लागते. काही प्लगची बोंडी फिरवून काढता येते, काहींची येत नाही.

१८ मिमी आणि त्याहून मोठे

इथे धीर धरावा लागतो, पण वाट बंद नाही. १८ मिमीचे प्लग आजही बनतात. एनजीकेच्या यादीत ए६ आणि एबी६ आहेत, दोघांत फरक षटकोनाचा. चॅम्पियनमध्ये डी१६, डी२१. मोटारीच्या दुकानात "असलं येत नाही" म्हणतात, तेव्हा जुनी शेतीची इंजिनं, ट्रॅक्टर आणि पंप यांचे सुटे भाग ठेवणाऱ्याकडे नंबर सांगून विचारा.

मोठ्या भोकात अडॅप्टर घालून १४ मिमीचा प्लग बसवता येतो. मी तो शेवटचा उपाय मानते. प्लग आणि हेड यांच्यात आणखी एक जोड आला की उष्णता हेडपर्यंत नीट पोचत नाही, कॉम्प्रेशन गळायची एक जागा वाढते आणि प्लग काढताना कधी अडॅप्टरच बाहेर येतो. लावायचाच असेल तर प्लगच्या टोकाची खोली मूळ प्लगशी जुळते का ते व्हर्निअरने पाहा.

पेठेत आणि जुन्या बाजारात

दुकानात कागदावर एवढंच लिहून न्या: व्यास, पिच, लांबी, वॉशर की निमुळता, षटकोन, नाक, रेझिस्टर, मूळ नंबर. सोबत जुना प्लग. इतकी तयारी पाहिली की काउंटरवरचा माणूस मनापासून शोधतो, वरच्या फळीवरचे धूळ बसलेले डबेसुद्धा उतरवतो. चारांऐवजी पाच घ्या.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात न वापरलेले जुने प्लग कधीतरी मिळतात. प्लगमध्ये नासणारं फारसं काही नसतं, म्हणून चाळीस वर्षांचा कोरा प्लगही चालतो, फक्त चिनी मातीला केसाएवढीही चीर नको. मल्टिमीटर खिशात ठेवा. वरच्या बोंडीपासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत जोड मिळाली पाहिजे, रेझिस्टरवाल्यात सुमारे ५ किलोओम. बोंडीपासून लोखंडी अंगापर्यंत काहीच जोड नको. घासून चकचकीत केलेला वापरलेला प्लग ओळखणं सोपं आहे: मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा कोऱ्या प्लगमध्ये धारदार असतात, वापरलेल्यात गोल.

नकली मालही येतो. छपाई बोटाने पुसली जाते का, आट्यांवर मुलामा सारखा आहे का, वॉशर सैल पडतो का, वरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ नकली बाजूला पडतात.

गॅप आणि बसवणी

नवा प्लग डब्यातून थेट गाडीत नको. आजच्या प्लगची गॅप ०.८ ते १.१ मिमी असते, कारण आजच्या कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) दमदार आहेत. पॉइंटच्या जुन्या कॉइलला ०.६ ते ०.७ झेपते. मायनरला २५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.६४ मिमी. बाहेरचा इलेक्ट्रोड टेबलावर अलगद टेकवून वाकवा, मधल्याला धक्का लागू देऊ नका. फिलर गेज हलकेच अडकत सरकला की झालं.

आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. मुलामा असलेल्या प्लगला ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावली तर पाना नकळत जास्त आवळला जातो, म्हणून मी लावत नाही. प्लग बोटांनीच वॉशर टेकेपर्यंत फिरवा. त्याआधी अडला तर तिरका गेलाय, काढून पुन्हा लावा. वॉशर टेकला की नव्या वॉशरला पान्याने अर्धा फेरा, जुन्या दबलेल्या वॉशरला जेमतेम फेऱ्याचा बारावा भाग. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीला बिडाच्या हेडमध्ये २५ ते ३५ न्यूटन-मीटर, अॅल्युमिनियममध्ये २५ ते ३०.

प्लग बरोबर असूनही गाडी मिस मारत असेल तर कॉइलच्या वायरी उलट आहेत का ते बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. कुणीतरी नंतर तो उलटवलेला असतो, पण कॉइल तशीच राहते. मग त्याच ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि दोष बिचाऱ्या प्लगला मिळतो.

रंग पाहणं

रिकाम्या गतीवर दहा मिनिटं चालवून प्लगचा रंग बघण्यात अर्थ नाही, तो काळाच दिसणार. मी कात्रजचा जुना घाट चढते, वर सपाट, मोकळ्या जागी गाडी बाजूला घेते आणि इंजिन लगेच बंद करते. थंड झालं की चारही काढते. फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. ओला, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा प्लग फार गरम.

हे रंग शिकवणारी जुनी पुस्तकं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. आपल्याकडे शिसं २००० साली गेलं आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल येतं. त्याने मिश्रण पातळ होतं आणि नाक जास्त स्वच्छ, पांढुरकं दिसतं. त्यामुळे पांढरा दिसला की लगेच थंड प्लग आणू नका. आधी कार्बोरेटरचा जेट आणि ठिणगीचं टायमिंग बघा, मग प्लग.

माझ्या मॉरिसच्या कप्प्यात आता एक छोटी वही असते. शेवटच्या पानावर लिहिलंय: १४ x १.२५, लांबी १९, वॉशर, षटकोन २०.८, बीपी६ईएस, गॅप ०.६४, भोक तारेने मोजलं, आटे टॅपने साफ केले. खाली तारीख. वहीला रबरबँडने पाचवा प्लग बांधून ठेवलाय, गॅप आधीच लावलेला.